घशाचा कॅन्सर आणि एचपीव्ही: ओपीडीत विचारले जाणारे, आणि दारातून परत येऊन विचारले जाणारे प्रश्न

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करते, त्यामुळे तोंडाचा कॅन्सर माझ्यासाठी रोजचा आहे. गालात तंबाखूची गोळी धरून धरून झालेली जखम, दोन बोटंही न मावणारं तोंड, पांढरे पडलेले गाल. हे इतकं नेहमीचं झालंय की कॅन्सरचा नुसता विषय निघाला तरी समोरचा माणूस लगेच म्हणतो, "मॅडम, मी सुपारीसुद्धा खात नाही." एचपीव्ही या विषाणूमुळे होणारा घशाचा कॅन्सर नेमका या वाक्याच्या आड लपतो. पेशंट निर्धास्त असतो, घरचे निर्धास्त असतात, कधीकधी डॉक्टरही. म्हणून गेली काही वर्षं मला विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र लिहिले आहेत. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

एचपीव्ही हा तर बायकांचा आजार ना? पुरुषाच्या घशाशी त्याचा काय संबंध?

विषाणूला बाई-पुरुष कळत नाही. ह्यूमन पॅपिलोमाव्हायरस हे एका मोठ्या घराण्याचं नाव आहे, त्यात २०० हून जास्त प्रकार आहेत. हातापायावर येणारे चामखीळ याच घराण्यातले. बहुतेक प्रकार निरुपद्रवी. कॅन्सरपर्यंत नेणारे डझनभर, आणि त्यातही १६ क्रमांकाचा सगळ्यात वाईट. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये १६ आणि १८ हे दोघे मिळून साधारण ७० टक्के रुग्णांना कारणीभूत असतात. घशात मात्र १६ नंबरचंच राज्य आहे. एचपीव्हीमुळे होणाऱ्या घशाच्या कॅन्सरपैकी ९० टक्क्यांच्या आसपास त्याच्या खात्यावर जातात.

बायकांचा आजार अशी समजूत झाली, कारण संबंध आधी तिथे सापडला आणि लसीची जाहिरातही तशीच झाली. अमेरिकेत आज एचपीव्हीमुळे होणारे घशाचे कॅन्सर गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरपेक्षा संख्येने जास्त आहेत, आणि त्यातले बहुसंख्य रुग्ण पुरुष आहेत.

घशाचा म्हणजे नेमका कुठला? तोंडाचा, स्वरयंत्राचा, सगळेच का?

सगळे नाहीत, आणि हा फरक नीट समजून घ्या. तोंड मोठ्ठं उघडून 'आ' केलं की मागे जो भाग दिसतो तो ओरोफॅरिंक्स: दोन्ही बाजूंचे टॉन्सिल, मऊ टाळू, मागची भिंत, आणि आरशात न दिसणारं जिभेचं मूळ. एचपीव्हीचे कॅन्सर बहुतांशी टॉन्सिल आणि जिभेचं मूळ या दोन जागी होतात. गाल, हिरडी, जिभेची कड इथले कॅन्सर आपल्याकडे तंबाखू आणि सुपारीचे. तिथे एचपीव्हीचा वाटा अगदी थोडा. स्वरयंत्राचंही तसंच. नाकाच्या मागच्या भागातल्या कॅन्सरमागे बहुधा एपस्टाइन-बार हा वेगळाच विषाणू असतो.

लहान मुलाचा आवाज सतत बसलेला असेल आणि स्वरयंत्रात द्राक्षाच्या घोसासारखे मोड आढळले, तर तेही एचपीव्हीचंच काम असतं, पण ते ६ आणि ११ नंबरचं. ते मोड पुन्हा पुन्हा येतात, पुन्हा पुन्हा काढावे लागतात, श्वासाला धोका असतो. पण सहसा ते कॅन्सर नसतात.

इतक्या जागा सोडून टॉन्सिलच का?

मला स्वतःला या आजारातलं सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. टॉन्सिल बाहेरून गुळगुळीत गोळा वाटतं, पण कापून पाहिलं तर आत खोल खोल भेगा असतात, एकेका टॉन्सिलमध्ये दहा-वीस तरी. गालाचं अस्तर अनेक थरांचं, घट्ट विणलेलं. भेगांच्या तळाचं अस्तर मात्र पातळ आणि विरळ असतं, ठिकठिकाणी तुटलेलं. ते मुद्दामच तसं असतं: अन्नातून-हवेतून आलेले जंतू आतल्या पांढऱ्या पेशींना भेटावेत, त्यांची ओळख पटावी, ही टॉन्सिलची नोकरीच आहे. एचपीव्हीला वाढायला अस्तराचा सगळ्यात खालचा थर लागतो. एरवी तिथे पोहोचायला जखम व्हावी लागते. इथे दार आधीच किलकिलं असतं.

याच रचनेमुळे पुढच्या दोन गोष्टी घडतात. कॅन्सर भेगेच्या तळाशी सुरू होतो, म्हणून वरून पाहणाऱ्याला टॉन्सिल चांगलं दिसतं. आणि खालीच लसिकावाहिन्यांचं जाळं असल्यामुळे मूळ गाठ शेंगदाण्याएवढी असतानाच पेशी मानेत उतरतात. मूळ छोटं, मानेतली गाठ मोठी.

विषाणू आत जाऊन करतो तरी काय?

विषाणू शिरला की कॅन्सर होतो, असं नाही. बहुतेकांच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघून जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. थोड्यांच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि त्यातल्याही थोड्यांना पुढे, दहा-वीस-तीस वर्षांनी कॅन्सर होतो.

ठाण मांडलेला विषाणू दोन प्रथिनं बनवतो, ई-६ आणि ई-७. आपल्या पेशीत दोन राखणदार असतात. पी-५३ हा बिघडलेल्या पेशीला थांबवतो, गरज पडली तर मारतो. आरबी हा पेशीला गरज नसताना विभाजन करू देत नाही. ई-६ हा पी-५३ ला मोडीत काढतो, ई-७ हा आरबीला निकामी करतो. दोन्ही राखणदार गेले की पेशी मोकाट वाढते.

तंबाखूच्या कॅन्सरमध्ये पी-५३ चा जीनच खराब झालेला असतो. इथे जीन शाबूत असतो, फक्त त्याचं प्रथिन टिकू दिलं जात नाही. एचपीव्हीचे कॅन्सर उपचारांना चांगली साथ देतात, त्यामागचं हे एक कारण मानलं जातं.

हे डॉक्टरांना केव्हा कळलं?

पूर्वीपासून शंका होती. १९८३ मध्ये फिनलंडच्या कारी स्युर्यानेन यांनी तोंडातल्या काही कॅन्सरमध्ये एचपीव्हीच्या खुणा दिसतात असं मांडलं. त्याच सुमाराला जर्मनीत हॅराल्ड झुर हाउझेन आणि त्यांचे सहकारी गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमधून १६ आणि १८ नंबरचे विषाणू वेगळे काढत होते. त्या कामासाठी झुर हाउझेन यांना २००८ चं नोबेल मिळालं. घशाच्या बाबतीत खरं वळण आलं २००० मध्ये. अमेरिकेत मॉरा गिलिसन यांच्या गटाने डोक्या-मानेच्या कॅन्सरचे २५३ नमुने तपासले. चौथ्या हिश्श्यात एचपीव्ही सापडला, त्यातल्या ९० टक्क्यांत १६ नंबर, आणि सापडला तो मुख्यतः टॉन्सिलच्या भागात. त्यांनी तेव्हाच म्हटलं की हा वेगळा आजार आहे. २०१७ मध्ये स्टेज ठरवण्याची पद्धतसुद्धा त्यासाठी वेगळी झाली.

आपल्याकडे याचं प्रमाण किती?

अमेरिकेत ओरोफॅरिंक्सच्या दर दहा कॅन्सरमागे सातांच्या आसपास एचपीव्हीचे असतात. भारतात बरेच अभ्यास पाचात एक, किंवा त्याहूनही कमी, असं प्रमाण दाखवतात. म्हणून अमेरिकेतल्या नातेवाइकाने पाठवलेला लेख वाचून 'आता तंबाखूपेक्षा विषाणूच मोठा शत्रू' असं कुणी म्हणालं तर ते इथल्यापुरतं खरं नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे आणि तो तंबाखू-सुपारीचा आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे. तरी विदर्भातला खर्रा, नगर-सोलापूरकडचा मावा आणि घरोघरची मिश्री यांच्या खुणा मी रोज तोंडांत पाहते.

पण पाचात एक म्हणजेही शून्य नव्हे. आणि हा पाचातला एक उशिरा सापडतो, कारण कुणी त्याला शोधतच नसतं.

मला तंबाखू, सिगारेट, दारू काहीच नाही. तरी होऊ शकतो?

हो.

सुरुवातीला काय दिसतं? कशावरून ओळखायचं?

बहुतेकदा एकच गोष्ट: जबड्याच्या कोपऱ्याखाली, मानेच्या वरच्या बाजूला एक गाठ. दाढी करताना हाताला लागते. दुखत नाही, ताप नाही, वजन उतरत नाही, खाणंपिणं व्यवस्थित. माणूस साधारण पन्नाशीतला, चालता-फिरता. घरात कुणीतरी म्हणतं, अवधाण आलं असेल, दात किडला असेल. काही जणांना याशिवाय एकाच बाजूला घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, एका कानात ठणका लागतो पण कान तपासला तर स्वच्छ असतो, थुंकीतून रक्ताचा धागा येतो, किंवा आरशात एक टॉन्सिल दुसऱ्यापेक्षा मोठं दिसतं.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ मला विसरता येत नाहीत. बऱ्याच महिन्यांपूर्वी गाठ आली होती. दुसरीकडे सुई घालून पाणी काढलं, रिपोर्टमध्ये फक्त 'सूज' असं आलं. गाठ जराशी बसली, सगळ्यांना बरं वाटलं. पुन्हा भरली. मग कुणीतरी गंडमाळ असणार म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू केल्या, त्या चार महिने घेऊन झाल्या होत्या. गाठ लिंबाएवढी झाली तेव्हा ते आले. तोंडात टॉर्च टाकला तर दोन्ही टॉन्सिल सारखे दिसत होते. हातमोजा घालून बोट लावलं. डावं टॉन्सिल लोण्यासारखं मऊ, उजव्याच्या आत रबरासारखं कडक काहीतरी. इतक्या महिन्यांत त्या टॉन्सिलला कुणीच बोट लावलं नव्हतं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते. चाळिशीच्या पुढच्या माणसाच्या मानेत गाठ आली आणि ती दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, तर ती कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत तपास थांबवायचा नाही. ती दुखत नाही, ही समाधानाची गोष्ट मानू नका. दुखणारी गाठ बहुधा साध्या संसर्गाची निघते. न दुखणारी जास्त काळजीची.

पण मानेची गाठ म्हणजे आपल्याकडे टीबीच असतो ना?

पुष्कळदा असतो, आणि तोही बरा होतो. अडचण आहे ती पुराव्याशिवाय गोळ्या सुरू करण्याची. सुईतून निघालेल्या द्रावाची सीबीनॅट तपासणी होते, त्यात टीबीचा जंतू आहे की नाही हे त्याच दिवशीसुद्धा कळू शकतं. टीबी असल्याचा पुरावा नाही, गोळ्यांनी गाठ कमी होत नाही, माणूस चाळिशीपुढचा, मग थांबून पुन्हा विचार करायलाच हवा.

एचपीव्हीच्या गाठींची एक खोड इथे आडवी येते. त्या आतून पोकळ होतात, पाण्याने भरतात. सोनोग्राफीत साध्या पाण्याच्या गाठीसारख्या दिसतात. सुई पाण्यात गेली तर कॅन्सरच्या पेशी हाती लागत नाहीत. म्हणून एक सुई कोरी आली तर दुसऱ्यांदा, सोनोग्राफीत बघत, गाठीच्या भिंतीतून नमुना घ्यावा. आणि कृपा करून, निदान होण्याआधी ही गाठ कुणाकडून कापून किंवा चिरून घेऊ नका. आधी घशाची नीट तपासणी, दुर्बीण, एमआरआय किंवा पेट-स्कॅन, टॉन्सिलची बायॉप्सी.

रिपोर्टमध्ये 'पी-१६ पॉझिटिव्ह' लिहिलंय. म्हणजे काय? चांगलं की वाईट?

पी-१६ हे विषाणूचं नाव नाही, आपल्याच पेशीतलं एक प्रथिन आहे. आरबीच्या मार्फत पेशीला 'थांब' सांगणं हे त्याचं काम. ई-७ ने आरबीला निकामी केलं की पी-१६ ची हाक पोहोचत नाही. समोरून ओ आली नाही की माणूस जोरजोरात हाका मारत राहतो, तसं पेशी पी-१६ बनवतच राहते. तुकड्यावर रंग टाकला की ते गडद तपकिरी दिसतं. ७० टक्के किंवा जास्त पेशींत गडद रंग आला तर पॉझिटिव्ह म्हणतात. तपासणी स्वस्त आहे, बहुतेक मोठ्या लॅबमध्ये होते.

ती अप्रत्यक्ष खूण आहे, हे मात्र विसरायचं नाही. २०२३ मध्ये अनेक देशांतल्या रुग्णांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात सुमारे ९ टक्के रुग्णांत पी-१६ आणि एचपीव्हीची थेट तपासणी यांचा मेळ बसला नाही. जिथे मुळात एचपीव्हीचं प्रमाण कमी तिथे हा घोळ जास्त. म्हणजे आपल्याकडे. तंबाखू खाणाऱ्या पेशंटचा पी-१६ पॉझिटिव्ह आला तर शक्य असेल तिथे एचपीव्हीच्या डीएनए किंवा आरएनएची थेट तपासणीही करून घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. आणि ही सगळी चर्चा ओरोफॅरिंक्सपुरती. गालाच्या कॅन्सरवर पी-१६ करून त्यावरून बरं होण्याचा अंदाज बांधू नये.

चांगलं की वाईट? कॅन्सर आहे हे वाईट. पण खरोखर एचपीव्हीचा असेल तर त्यातल्या त्यात बरा. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांनी एचपीव्हीवाले ८२ टक्के रुग्ण जिवंत होते, एचपीव्ही नसलेले ५७ टक्के. त्याच अभ्यासात हेही दिसलं की एचपीव्ही असूनही वर्षानुवर्षं सिगारेट ओढलेल्यांचा फायदा घटतो.

मॅडम, म्हणजे ह्यांचं बाहेर काही होतं का?

हा प्रश्न खुर्चीत बसून कुणी विचारत नाही. नवरा पैसे भरायला जातो, बायको दारापर्यंत जाते आणि परत येते. पदराचं टोक हातात असतं. मी तिला बसवते.

खरं तेच सांगते. घशातला एचपीव्ही मुख्यतः मुखमैथुनातून पसरतो. २००७ मध्ये अमेरिकेत १०० रुग्ण आणि २०० निरोगी माणसं यांची तुलना झाली, त्यात मुखमैथुनाचे जोडीदार जितके जास्त तितका धोका जास्त असं दिसलं. पण त्यावरून तुमच्या नवऱ्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. ज्याचा आयुष्यात एकच जोडीदार होता त्यालाही हा कॅन्सर होतो. विषाणू वीस-तीस वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, लग्नाआधीचा, किंवा तुमच्याकडून त्यांना, किंवा त्यांच्याकडून तुम्हाला. तो कधी, कुणाकडून आला हे सांगणारी कुठलीही तपासणी जगात नाही. लैंगिक आयुष्य असलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी एचपीव्ही होऊन गेलेला असतो. हजारो जणांना तो शिवतो आणि जातो. एखाद्याच्या घशात का राहतो, हे त्याच्या वागण्यापेक्षा त्याच्या शरीराच्या प्रतिकारावर जास्त अवलंबून असतं.

मी हे इतकं लांबवून सांगते, कारण या संशयापायी घरं मोडताना पाहिली आहेत, तेही अशा काळात जेव्हा पेशंटला सात आठवडे रोज कुणीतरी सोबत लागतं. आणि पुरुषांनाही सांगते: या प्रश्नाला घाबरून तपासणी टाळू नका. रिपोर्टवर तुमचं चारित्र्य लिहिलेलं नसतं.

मग आता मलाही धोका आहे का? नातवंडांना जवळ घ्यायचं की नाही?

जरूर घ्या. एका ताटात जेवल्याने, पेल्याने, टॉवेलने, मुका घेतल्याने नातवंडांना हा कॅन्सर होत नाही. जोडीदाराच्या तोंडात हा विषाणू सापडण्याचं प्रमाण इतर लोकांइतकंच आढळलं आहे. वर्षानुवर्षं सोबत राहिलेल्या जोडप्याला आता काही बदलायची गरज नाही. बायकोने गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करून घ्यावी. ती तशीही तिशीनंतर प्रत्येक बाईने करायचीच असते.

पॅपसारखी काही तपासणी घशासाठी नाही का?

नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सरच्या आधीची पायरी दिसते, ती खरवडून घेता येते, काढून टाकता येते. टॉन्सिलच्या भेगेतली तशी पायरी कुणाला दाखवता आलेली नाही. चूळ भरून एचपीव्ही शोधता येतो, पण सापडला तरी पुढे करायचं काय याला उत्तर नाही. अमेरिकेत १४ ते ६९ वयाच्या दर शंभरातल्या सातांच्या तोंडात कुठला ना कुठला एचपीव्ही आढळला होता आणि त्यातल्या बहुतेकांना कधीच काही होणार नाही. अशी तपासणी 'कॅन्सर पॅकेज'मध्ये कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. भीतीपोटी चांगले टॉन्सिल काढून घेण्यातही अर्थ नाही, कारण तशाच भेगा जिभेच्या मुळाशीही असतात.

एका डॉक्टरांनी चौथी स्टेज सांगितली, दुसऱ्यांनी पहिली. कोण खोटं बोलतंय?

कुणीच नाही. जुन्या पद्धतीत मानेत एकाच बाजूला एकापेक्षा जास्त गाठी असल्या की चौथी स्टेज व्हायची. एचपीव्हीच्या कॅन्सरमध्ये अशा गाठी असूनही माणसं बरी होतात हे आकड्यांतून दिसल्यावर २०१७ च्या आवृत्तीत नियम बदलले. आता मूळ गाठ चार सेंटिमीटरपर्यंत आणि मानेतल्या गाठी एकाच बाजूला, सहा सेंटिमीटरच्या आत असतील तर पी-१६ पॉझिटिव्ह रुग्णाची पहिली स्टेज धरतात. कागद तोच, मोजपट्टी बदलली. मात्र इथे आधीचा मुद्दा पुन्हा येतो: पी-१६ खरंच एचपीव्हीमुळे आहे याची खात्री हवी.

एवढा बरा होणारा कॅन्सर आहे तर उपचार कमी करता येतील का?

जगभरातले डॉक्टर गेली पंधरा वर्षं हाच प्रश्न विचारताहेत, कारण रुग्ण तुलनेने तरुण आहेत आणि उपचारांचे परिणाम त्यांना पुढे अनेक वर्षं सोसायचे असतात. नेहमीचा रस्ता म्हणजे रेडिएशन (पेशंटच्या भाषेत 'लाइट'), आठवड्यातून पाच दिवस, सात आठवडे, एकूण ७० ग्रे (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक), आणि सोबत सिस्प्लाटिन हे केमोथेरपीचं औषध. लहान गाठ असेल तर तोंडातून ऑपरेशन, सोय असेल तिथे रोबोटने.

सिस्प्लाटिनऐवजी सेटुक्सिमॅब हे सौम्य वाटणारं औषध देऊन पाहिलं. दोन मोठ्या चाचण्यांत, २०१८ च्या अखेरीस, उलटंच दिसलं: कॅन्सर परतण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण वाढलं. रेडिएशन ७० वरून ६० ग्रेवर आणण्याची मोठी चाचणीही २०२४ मध्ये आशेवर पाणी फिरवून गेली. म्हणून चाचणीत नाव नोंदलेलं नसताना 'एचपीव्हीवाला आहे, थोडं कमी देऊ' असं कुणी म्हणालं तर नम्रपणे नकार द्या. आणि तुम्हीही चौथ्या-पाचव्या आठवड्यात तोंड सोललं गेलं, गिळवेना, म्हणून घरी बसू नका. मधे पडलेला खंड महागात पडतो. नाकातली नळी घालावी लागली तर घाला, ती नंतर निघते.

खर्चाचं विचारता, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा.

लस घेतली तर हा कॅन्सर टळेल का? मुलांनाही द्यायची का?

माझं उत्तर हो असं आहे, दोन्ही प्रश्नांना. पण पुरावा कुठपर्यंत आहे तेही सांगते. लस घेतलेल्यांत वीस-तीस वर्षांनी घशाचे कॅन्सर कमी झाले, हे मोजायला अजून तेवढी वर्षं गेलेली नाहीत. पहिली लस २००६ ची. पण घशातला संसर्ग टळतो हे दिसलं आहे. कोस्टा रिकातल्या चाचणीत, लस घेऊन चार वर्षांनी, तोंडातला १६ आणि १८ चा संसर्ग ९३ टक्क्यांनी कमी होता. जो कॅन्सर ९० टक्के वेळा एकाच विषाणूमुळे होतो, त्याचा तो विषाणूच शिरू दिला नाही तर पुढचं चित्र काय असेल, हे समजायला फार हुशारी लागत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२० मध्ये नऊ प्रकारांवरच्या लसीच्या उपयोगांत डोक्या-मानेच्या कॅन्सरचा समावेश केला.

आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने सर्व्हाव्हॅक ही ६, ११, १६ आणि १८ या चार प्रकारांवरची लस बनवली. २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली, आणि ती ९ ते २६ वयाच्या मुली आणि मुलगे दोघांसाठी आहे. ९ ते १४ वयात दोन डोस, सहा महिन्यांच्या अंतराने, पंधरापासून तीन. घशाच्या कॅन्सरसाठी महत्त्वाचा १६ नंबर तिच्यात आहे, मग 'चारची घेऊ की नऊची' यात अडकून वर्ष घालवू नका.

एचपीव्हीविरुद्धच्या लढ्यात आपल्या भागाचं मोठं योगदान आहे. जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे होतात हे जगाला त्यातून कळलं. त्या बायकांच्या नातवांना लस मिळावी असं मला मनापासून वाटतं. ऑस्ट्रेलियाने २०१३ मध्ये आणि ब्रिटनने २०१९ मध्ये मुलग्यांनाही सरकारी लसीकरणात घेतलं. आपल्याकडे अजून भर मुलींवर आहे, ते समजू शकते, पण ज्या घराला परवडतं त्यांनी भावा-बहिणीला एकाच दिवशी न्यावं.

'इतक्या लहान मुलाला असल्या आजाराची लस कशाला' असं आई-वडील विचारतात. कारण ती आधी घ्यायची असते. शिरलेल्या विषाणूला लस बाहेर काढत नाही, आणि झालेल्या कॅन्सरवर तिचा उपयोग नाही.

उपचार संपले. भाकरी कधी खाता येईल?

लोक स्कॅनच्या आधी हे विचारतात. तोंडातले फोड महिना-दीड महिन्यात भरतात, चव काही महिन्यांत परत येऊ लागते, थुंकी मात्र पूर्वीइतकी क्वचितच होते. आधी पातळ खिचडी, मग दुधात किंवा आमटीत कुस्करलेली भाकरी. कोरड्या भाकरीला घोट घोट पाणी लागणार, काहींना कायमचं. गिळण्याचे व्यायाम रेडिएशनच्या पहिल्या दिवसापासून करायचे, दुखत असतानाही. ज्यांनी ते सोडले त्यांचा घसा आक्रसलेला मी पाहिला आहे.

पेट-स्कॅन उपचार संपल्यावर बारा आठवड्यांनी. लवकर केला तर सूजच कॅन्सरसारखी चमकते आणि सगळ्यांची झोप उडते. पहिली दोन वर्षं दर एक ते तीन महिन्यांनी घसा आणि मान दाखवा, थायरॉइडची रक्ततपासणी सहा ते बारा महिन्यांनी. खराब दात रेडिएशनच्या आधीच काढून घ्यायचे असतात. नंतर कधीही, अगदी पाच वर्षांनीही, दात काढायची वेळ आली तर खुर्चीत बसण्याआधी दातांच्या डॉक्टरांना सांगा की जबड्याला लाइट दिलेला आहे, आणि डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. तशा जबड्यातला दात सहज म्हणून उपटला तर हाड भरून येत नाही, उघडं पडतं.